विजेवर धरलेली साय

विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रान्समधल्या नांत शहरात स्तेफान लेदुक या वैद्यकाच्या प्राध्यापकाने दोन ससे एका ओळीत तारेने जोडले. पहिल्या सशाच्या अंगावर बॅटरीच्या धन टोकाचा बोळा होता, स्ट्रिक्नीन या विषाच्या द्रावणात भिजवलेला. दुसऱ्या सशाच्या अंगावर ऋण टोकाचा बोळा, तो सायनाइडच्या द्रावणात भिजवलेला. दोघांना जोडणारे मधले बोळे नुसत्या पाण्याचे. प्रवाह सुरू झाला. पहिल्या सशाला स्ट्रिक्नीनचे झटके आले, दुसरा सायनाइडने गेला. मग लेदुकने दुसरी जोडी घेतली, विषाचे बोळे तिथेच ठेवले आणि फक्त तारा उलट्या जोडल्या. या वेळी दोन्ही सशांना काहीही झाले नाही.

आज असा प्रयोग मंजूर होणार नाही आणि होऊही नये. पण त्यातून निघालेला निष्कर्ष पक्का होता. स्ट्रिक्नीनच्या कणावर धनभार असतो, म्हणून धन टोक त्याला पुढे लोटते. सायनाइडवर ऋणभार, म्हणून त्याला ऋण टोक लोटते. टोके बदलली की तेच विष बोळ्यातच अडकून राहते. सुई न टोचता विजेने औषध कातडीपार नेता येते, आणि ते जावे की थांबावे हे तारांच्या जोडणीवर ठरते, एवढे या चार सशांनी दाखवून दिले. आयन्टोफोरेसिस या नावाने ही पद्धत टिकली. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या निदानासाठी मुलांची जी घामाची चाचणी करतात, ती गिब्सन आणि कुक यांनी १९५९ साली बसवली. तिच्यात पिलोकार्पिन हे घाम आणणारे औषध अशाच सौम्य प्रवाहाने कातडीत उतरवतात.

मात्र लेदुकच्या वाटेवर एक अडचण होती. वीज औषधाला ढकलत होती, पण औषध सांभाळून ठेवणारे काही तिच्याजवळ नव्हते. औषध बाहेर, बोळ्यात. शरीराच्या आत, थेट दुखऱ्या जागी औषध साठवायचे आणि हवे तेव्हाच सोडायचे, तर विजेचे ऐकणारे कोठार लागणार.

अशा कोठाराची गरज का पडावी? अपस्माराचा रोगी घ्या. झटका येतो तो बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांचा, आणि सुरू होतो मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात. गोळी मात्र रोज, वर्षानुवर्षे घ्यायची. ती पोटात जाते, रक्तात मिसळते आणि यकृतापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे फिरते. सुस्ती, चक्कर, मंदपणा हा त्या फेरीचा खर्च. औषध बरोबर असते, जागा आणि वेळ चुकते.

गंमत अशी की विजेचे ऐकणारा पदार्थ लेदुकच्या सशांच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षे लंडनमधल्या एका डॉक्टरच्या डोळ्यांसमोर आला होता. त्यानंतरही तो पुन्हा पुन्हा सापडला आणि पुन्हा पुन्हा बाजूला पडला, कारण तो ज्याला सापडला तो दरवेळी दुसरेच काहीतरी शोधत होता.

विषाची खूण

हेन्री लेथबी हे लंडन हॉस्पिटलच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र आणि विषशास्त्र शिकवत. काळ १८६२ चा. विल्यम पर्किनने १८५६ साली योगायोगाने जांभळा कृत्रिम रंग काढल्यापासून डांबरापासून रंग करण्याचा धंदा इंग्लंडात जोरात होता. त्या धंद्यातली नायट्रोबेंझीन आणि अ‍ॅनिलीन ही रसायने विषारी. अशा विषबाधेची प्रकरणे लेथबींकडे आली होती, आणि मृताच्या शरीरात अ‍ॅनिलीन आहे की नाही हे ठरवणारी खूण त्यांना हवी होती.

अ‍ॅनिलीन हा शब्द आपल्याला परका नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या फ्रिट्शे या रसायनज्ञाने १८४० च्या सुमारास नीळ आणि कॉस्टिक पोटॅश एकत्र तापवून हे द्रव्य वेगळे केले. निळीच्या झाडाला पोर्तुगिजात अनिल म्हणतात, त्यावरून त्याने हे नाव ठेवले. पोर्तुगिजांनी तो शब्द अरबांकडून घेतला आणि अरबांनी संस्कृत 'नील' वरून.

लेथबींनी अ‍ॅनिलीन सौम्य गंधकाम्लात मिसळले, त्यात प्लॅटिनमची टोके बुडवली आणि बॅटरी जोडली. धन टोकावर निळसर हिरवा थर धरू लागला. त्यांना खूण मिळाली. तपास करणाऱ्या माणसाला रंग पुरे असतो. त्यांनी हा निळा पदार्थ छापून जाहीर केला आणि ते पुढच्या कामाला लागले.

त्या थरात आणखी एक गोष्ट दडली होती. तो वार्निशासारखा विजेला अडवणारा असता, तर पातळसा लेप बसताच प्रवाह बंद पडला असता आणि थर वाढायचा थांबला असता. तो वाढला, कारण वीज त्याच्यातूनच पलीकडे जात होती. सेंद्रिय पदार्थ वीज वाहून नेतो, हे त्या प्लॅटिनमवर स्पष्ट दिसत होते. पण तो प्रश्न तेव्हा कोणाचाच नव्हता. पुढची शंभर वर्षे रसायनज्ञ अशा काळपट गाळाला भांडे खराब करणारी पीडा समजून घासून टाकत राहिले.

खारे पाणी आणि काळी पूड

दुसऱ्यांदा असा पदार्थ सापडला तो मेलबर्नमध्ये. ऑस्ट्रेलिया हे कोरडे खंड, तिथे पाण्यातला खारटपणा काढणे हा सरकारी संशोधनाचा विषय. सीएसआयआरओ या संस्थेतले डोनाल्ड वाइस यांच्या डोक्यात एक कल्पना होती. पाणी शुद्ध करणारे रेझिनचे मणी क्षार शोषून भरले की त्यांना पुन्हा रिकामे करायला आम्ल आणि अल्कली लागतात. त्याऐवजी विजेचे बटण दाबून मणी क्षारांचे भारित कण, म्हणजे आयन, धरतील आणि उलटे बटण दाबून सोडतील, असे करता आले तर? त्यासाठी वीज वाहून नेणारे प्लॅस्टिक हवे होते.

वाइस, बोल्टो, मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ऑस्ट्रेलियाच्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात तीन लेख लिहिले. पायरोलपासून त्यांनी काळी पूड केली होती. तिच्यात आयोडीन मुरलेले होते आणि ती चक्क वीज वाहत होती. ही पूड, म्हणजे पॉलिपायरोल, वाहक आहे, आणि आयोडीनसारखा पाहुणा आत शिरल्याने त्याची वाहकता बदलते, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले.

पण पाण्याच्या प्रश्नाला ही पूड पुरी पडली नाही. वाइस यांचा गट पुढे विजेऐवजी उष्णतेकडे वळला. गरम पाण्याने रिकामे होणारे मणी त्यांनी केले आणि ती पद्धत सिरोथर्म या नावाने पुढे आली. विजेने आयन धरायचे आणि विजेने सोडायचे, हा विचार तिथेच थांबला. औषध सोडणाऱ्या पापुद्र्याचे सगळे तत्त्व त्या एका वाक्यात होते. फक्त मिठाच्या जागी औषध म्हणायचे राहिले होते.

हजारपट चूक आणि हिरवा चहा

तिसरी गोष्ट टोकियोची, ती अनेकांनी ऐकलेली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६७ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेकी शिराकावा अ‍ॅसिटिलीन वायूपासून पॉलिअ‍ॅसिटिलीन करत होते. नेहमी हाती यायची ती काळपट पूड. कोरियातून आलेल्या एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक हजारपट जास्त घातला. सूचनेत 'मिली' हे अक्षर सुटले असेल किंवा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटले असेल, असे शिराकावांनी पुढे नोबेल व्याख्यानात म्हटले. भांड्यात पुडीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा धरला. शिराकावांनी तो फेकला नाही आणि चूक झाली म्हणून रागावून विषय बंदही केला नाही. अशी चकाकी का आली, याचा ते पुढची कित्येक वर्षे माग काढत राहिले.

१९७५ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे अ‍ॅलन मॅकडायरमिड टोकियोला व्याख्यानाला आले. व्याख्यानानंतरच्या हिरव्या चहाच्या वेळी त्यांनी आपला सोनेरी, गंधक-नायट्रोजनचा वाहक पदार्थ दाखवला. शिराकावांनी आपला चंदेरी पापुद्रा दाखवला. मॅकडायरमिडनी त्यांना लगेच फिलाडेल्फियाला बोलावून घेतले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन हीगर होते. २३ नोव्हेंबर १९७६ या दिवशी शिराकावा आणि हीगर यांचे सहकारी सी. के. चियांग यांनी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली. वाहकता बघता बघता कोटीपट वाढली. १९७७ साली लेख आला, आणि २००० साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ब्रोमीनने नेमके काय केले, ते समजून घ्यायला हवे, कारण औषधाची सगळी युक्ती तिथेच आहे. पॉलिअ‍ॅसिटिलीन किंवा पॉलिपायरोलच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतात. अशा साखळीतून इलेक्ट्रॉन सरकू शकतात, पण सगळ्या जागा भरलेल्या असल्या तर सरकायचे कुठे? कीर्तनाला दाटीवाटीने बसलेल्या रांगेसारखे ते आहे. रांगेतला एक माणूस उठून गेला की शेजारचा सरकतो, मग त्याचा शेजारी, आणि मोकळी जागा रांगेच्या टोकापर्यंत प्रवास करते. ब्रोमीन किंवा आयोडीन साखळीतले थोडे इलेक्ट्रॉन काढून घेते. मोकळ्या जागा तयार होतात आणि वीज वाहू लागते.

इलेक्ट्रॉन गेल्याने साखळीवर धनभार येतो. तो तोलायला कोणीतरी ऋणभारित कण साखळीच्या कुशीत येऊन बसावाच लागतो. हा कण म्हणजे पाहुणा. साखळीला इलेक्ट्रॉन परत दिले की धनभार संपतो, पाहुण्याचे काम संपते आणि तो निघून जातो. पाहुणा ब्रोमीनचाच असला पाहिजे, असा काही नियम नाही. ऋणभार असलेला कोणताही कण चालतो. औषधाचाही.

मिनेसोटातला पापुद्रा

पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही, लवकर बिघडते. १९७९ साली कॅलिफोर्नियात आयबीएमच्या सान होजे प्रयोगशाळेत दियाझ, कानाझावा आणि गार्दिनी यांनी पायरोलचा पापुद्रा थेट प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर विजेने वाढवला. लेथबींची कृती, पण या वेळी काय घडते आहे ते माहीत असताना. हा पापुद्रा हवेत टिकत होता, लवचीक होता, आणि वीजही चांगली वाहत होता.

ही कृती दिसायला फार साधी आहे. पायरोल हा बिनरंगी द्रव, बाटलीत ठेवला की हळूहळू तपकिरी पडतो, म्हणून वापरण्याआधी तो पुन्हा ऊर्ध्वपातित करून घेतात. पाण्यात थोडे पायरोल आणि ज्याला पाहुणा करायचे त्याचे क्षार विरघळवायचे. त्यात इलेक्ट्रोड बुडवून व्होल्टभराच्या आतबाहेर विजेचा दाब द्यायचा. घरातल्या घड्याळाचा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याहूनही कमी. काही क्षणांत धातूवर पिवळसर झाक येते, मग ती गडद होत निळसर काळी होते. तापत्या दुधावर साय धरावी तशी ही साय धरते, आणि धरताना आसपासचा ऋणभारित पाहुणा आपल्यात कोंडून घेते. प्रवाह किती वेळ चालू ठेवला यावर सायीची जाडी ठरते.

मिनेसोटा विद्यापीठातले लॅरी मिलर हे विद्युत-रसायनाचे जाणकार. मज्जापेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात. एक पेशी विजेचा इशारा मिळताच रसायनाचा थेंब सोडते, दुसरी तो टिपते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. मिलर यांना असा सांधा धातूवर उभा करून पाहायचा होता. १९८३ साली लाऊ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी डोपामीन हे मज्जारसायन एका पॉलिमरला, म्हणजे लांब साखळीच्या रेणूला, रासायनिक बंधाने जोडले आणि विजेने बंध तोडून ते सोडवले. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी याला सिनॅप्सची प्राथमिक नक्कल म्हटले होते. पण बंध एकदा तुटला की तुटला. हे कोठार पुन्हा भरता येत नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, मिलर आणि झिंगर यांनी बंधाचा नाद सोडला आणि पॉलिपायरोलची साय घेतली. तिच्यात ग्लुटामेट हे मेंदूतले प्रमुख उत्तेजक रसायन पाहुणा म्हणून बसवले. इलेक्ट्रोडला ऋण दाब दिला, साखळीला इलेक्ट्रॉन परत मिळाले, आणि ग्लुटामेट बाहेर पडले. दाब दिला की सुटते, काढला की थांबते. वाइस यांनी खाऱ्या पाण्यासाठी जी कल्पना केली होती, तिच्यातल्या मिठाची जागा वीस वर्षांनी मेंदूच्या रसायनाने घेतली.

ऋणभारित औषधांची सोय झाली, पण डोपामीनसारखी कितीतरी औषधे धनभारित असतात. १९८७ मध्ये मिलर यांच्याच गटाने त्यावर तोड काढली. सायीत असा भलामोठा ऋणभारित रेणू आधीच गुंतवून टाकायचा, की त्याला कधीच बाहेर पडता येऊ नये. साखळीचा धनभार काढून घेतला की या अडकलेल्या रेणूला तोलायला बाहेरून धनभारित औषध आत येते. साखळी पुन्हा धनभारित केली की ते औषध बाहेर ढकलले जाते. पाहुण्यांचा सगळा हिशेब उलटा, पण दार तेच.

मेंदूतली ठिणगी आणि भोवतीचा व्रण

यानंतर काही वर्षे हा विषय विद्युत-रसायनाच्या नियतकालिकांतच फिरत राहिला. सजीव पेशींना ही काळी साय सोसवेल का, हा प्रश्न होता. १९९७ साली एमआयटीत श्मिट, शास्त्री, वाकांटी आणि लँगर यांनी पॉलिपायरोलवर मज्जापेशींसारख्या पेशी वाढवल्या आणि सायीला हलका दाब दिला. पेशींचे तंतू जवळजवळ दुप्पट लांब वाढले. म्हणजे सायीवर पेशी जगत होत्या आणि विजेने त्यांची वाढही होत होती.

खरी गरज मात्र मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडमधून आली. पार्किन्सनसारख्या आजारांत आणि मज्जेचे संकेत वाचण्याच्या प्रयोगांत मेंदूत बारीक धातूची तार ठेवतात. मेंदू या परक्या वस्तूला स्वीकारत नाही. सूज येते, भोवती आधार-पेशींचे जाड कडे तयार होते, आणि तारेला मज्जापेशींचे बोलणे ऐकू येईनासे होते. सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चांगले. कोविडच्या साथीत हे नाव आपल्याकडे घराघरात पोचले. पण पूर्ण शरीराला दीर्घकाळ स्टेरॉइड देणे म्हणजे रक्तातली साखर, हाडे आणि प्रतिकारशक्ती या सगळ्यांशी खेळ.

इथे रसायनाने एक हात दिला. डेक्सामेथासोनचा पाण्यात विरघळणारा फॉस्फेट क्षार ऋणभारित असतो, म्हणजे पॉलिपायरोलला हवा तसाच पाहुणा. पिट्सबर्ग विद्यापीठात वाधवा, लॅगेनॉर आणि क्वी यांनी २००६ साली तो सायीत कोंडला आणि तीच साय इलेक्ट्रोडवर चढवली. दाब आलटून पालटून दिला की औषध थोडे थोडे बाहेर येई, आणि पेशींच्या संवर्धनात सुजेशी संबंधित आधार-पेशींची संख्या घटे. मज्जापेशींना मात्र धक्का लागला नाही. जी तार मेंदूला बोचत होती, तिनेच औषध सोडले.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात अबिदियान, मार्टिन आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. विरघळणाऱ्या पॉलिमरचे अतिसूक्ष्म तंतू त्यांनी डेक्सामेथासोन मिसळून कातले, इलेक्ट्रोडवर पसरले आणि त्यांच्यावर पेडॉट या वाहक पॉलिमरचा मुलामा दिला. पेडॉट हा जर्मन बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला पदार्थ. फोटोच्या फिल्मवर साचणारी स्थिर वीज निचरून जावी, एवढेच त्याचे सुरुवातीचे काम होते. आतला तंतू विरघळत गेला की पेडॉटच्या पोकळ नळ्या उरतात. विजेने नळी आकसली की पेस्टची ट्यूब दाबावी तसे औषध बाहेर येते.

घडा लहान, मग नळ बसवा

कागदावर हे सगळे छान दिसते, पण सायीची दुखणीही तितकीच खरी आहेत. पहिले दुखणे साठ्याचे. साय केसाहून कितीतरी पातळ, तिच्यात औषध मावणार किती? दुसरे गळतीचे. बटण न दाबताही थोडे औषध झिरपतच राहते. तिसरे थकव्याचे. पाहुणे आत-बाहेर करताना साय फुगते आणि आकसते. पावसाळ्यात फुगणारा आणि उन्हाळ्यात सुकणारा लाकडी दरवाजा जसा काही वर्षांत बिजागरीतून सुटतो, तशी साय धातूवरून सुटू लागते, आणि दरवेळी तिची ताकद थोडी कमी होते.

साठ्याच्या दुखण्यावर सर्वांत सुबक तोड काढली ती स्वीडनमध्ये. लिंकोपिंग विद्यापीठाचे मॅग्नस बर्ग्रेन आणि कॅरोलिन्स्का संस्थेच्या अग्नेता रिक्टर-डाल्फोर्स यांच्या गटांनी २००७ साली आयनांचा पंप मांडला. औषध पॉलिमरमध्ये कोंडायचेच नाही. ते शेजारच्या टाकीत ठेवायचे आणि पॉलिमरचा उपयोग फक्त वाटेसारखा करायचा. या वाटेतून पाणी जात नाही, एकाच भाराचे आयन तेवढे सरकतात, आणि किती सरकले याचा हिशेब विजेच्या प्रवाहाच्या मापातून मिळतो. घडा लहान पडला तर मोठा घडा शोधण्यापेक्षा टाकीला नळ बसवावा, तसे हे झाले.

२००९ साली त्यांनी या नळाने गिनीपिगच्या कानातल्या शंखाकृती भागाजवळ ग्लुटामेट सोडले, आणि ऐकण्याला मेंदूकडून येणारा प्रतिसाद बदलला. जिवंत प्राण्याच्या एका संवेदनेवर वीज आणि रसायन मिळून नेमका परिणाम घडवता येतो, याचा हा पुरावा होता. २०१५ साली उंदरांच्या पाठीच्या कण्यात असाच पंप बसवून गाबा हे शांत करणारे मज्जारसायन सोडले. मज्जातंतूच्या इजेमुळे होणारी वेदना कमी झाली, आणि त्यासाठी पूर्ण शरीराला औषध द्यावे लागले नाही.

२०१८ साली केंब्रिजचे क्रिस्टोफर प्रॉक्टर, जॉर्ज मॅलियारास आणि फ्रान्समधले त्यांचे सहकारी सुरुवातीच्या त्या अपस्माराच्या प्रश्नापर्यंत पोचले. त्यांनी उंदराच्या मेंदूत जी पट्टी बसवली, तिच्यावर मज्जापेशींची वीज ऐकणारे इलेक्ट्रोड होते आणि आयनांचा पंपही. झटक्याची पहिली खूण दिसताच पंप गाबा सोडी, आणि झटका थांबे. यंत्रात भरलेल्या औषधाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग पुरला. सोबत पाणी जात नसल्याने मेंदूतला दाबही वाढला नाही.

हिशेब

इतिहासाने सावध राहायला शिकवले आहे. लेदुकच्या कातडीच्या वाटेवरही विजेवर चालणाऱ्या पट्ट्या बाजारात येऊन गेल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी फेंटानिल सोडणारी आयन्सिस ही पट्टी २००६ साली मंजूर झाली. एका भागाला गंज चढून ती आपोआप सुरू होण्याचा धोका दिसला आणि २००८ मध्ये युरोपात ती मागे घ्यावी लागली. अर्धशिशीसाठी सुमाट्रिप्टन सोडणारी झेक्युइटी २०१३ मध्ये मंजूर झाली. कातडी भाजल्याच्या आणि डाग पडल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१६ मध्ये तिची विक्री थांबवली. बटण दाबल्यावर औषध मिळते ही सोय आहे, पण न दाबता मिळाले तर ते विष. गोळीची चूक एका वेळेपुरती असते. विजेचा सांधा चुकला तर चूक यंत्रात राहते आणि पुन्हा पुन्हा होते.

म्हणून वाहक पॉलिमरच्या सायीने औषध सोडणारा उपचार अजून रुग्णालयांच्या नित्य वापरात आलेला नाही. शरीराच्या खारट, ओल्या वातावरणात वर्षानुवर्षे टिकणे, अजिबात न गळणे, आणि सुटली तर जागीच निरुपद्रवी राहणे, या तीन परीक्षा तिने द्यायच्या आहेत. प्रयोगशाळेतला आठवडा आणि रुग्णाच्या डोक्यातली दहा वर्षे यांत फार मोठे अंतर आहे.

तरीही या पदार्थाच्या दीडशे वर्षांकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. लेथबींना विषाची खूण हवी होती, वाइस यांना गोडे पाणी, शिराकावांना अ‍ॅसिटिलीनची साखळी आणि बायरला फोटोफिल्मवरची वीज निचरायची होती. औषधाचा विचार करून या सायीकडे पाहणारे मिलर तिला भेटले ते एकशे बावीस वर्षांनी. पदार्थ फारसा बदललेला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर मर्यादित आहे, हे मान्य करायला हरकत नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची रोजची गोळी ही साय कधी हटवेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. तेवढे औषध तिच्यात मावतच नाही. पण मेंदूचा एक कोपरा, कानातली एक नळी, कण्यातला एक मज्जातंतू, इथे थेंबाचा लहानसा अंश पुरतो आणि गोळी मात्र अख्ख्या शरीराला दंड भरायला लावते. जिथे औषध फार लागत नाही, तिथेच या सायीची जागा आहे.